तमग्यासाठी शिवलेली शेरवानी

मित्रांनो, मी एक जुनी काळी शेरवानी आहे. मोठ्याने बोलण्याचे त्राण आता माझ्यात उरलेले नाही, तेव्हा तुम्हीच जरा जवळ सरका. माझी गोष्ट तशी लहानच आहे. ज्या माणसासाठी मी शिवली गेले, त्याच्या अंगावर मी एकदाच चढले, तेही कच्च्या टाक्यांवर असताना. पुढची सारी वर्षे भलत्याच माणसाला मिरवण्यात गेली. त्या मिरवण्याचाच हा सगळा शिणवटा आहे.

माझा जन्म सिंधमधल्या हाला गावात, मास्टर आचर यांच्या शिलाईच्या दुकानात झाला. त्या वर्षी चौदा ऑगस्टला सरकारने सन्मानाची, म्हणजे तमगा हे पदक मिळणाऱ्यांची, नावे जाहीर केली आणि त्यांत आमच्या गावच्या उस्ताद बचल यांचे नाव निघाले. उस्ताद काशीगर होते. मशिदींच्या आणि दर्ग्यांच्या भिंतींवर ज्या निळ्या-फिरोजी फरश्या तुम्ही पाहता, तशा फरश्या ते मिसरूड फुटायच्या आधीपासून करत आले होते. शेजारी धावत भट्टीवर आले आणि ओरडले, “साईं, तुम्हाला तमगा मिळाला!” उस्तादांनी मान वर न करता म्हटले, “माझ्याच नावाचा दुसरा कोणी असेल. नीट ऐका आणि मग या.”

पण ते तेच होते. मग गावाने ठरवले की उस्तादांनी तमगा घ्यायला कराचीला जायचे तर शेरवानी घालूनच जायचे. चांगले जाड लोकरीचे कापड आणले गेले. मास्टर आचर माप घ्यायला बसले.

“साईं, जरा सरळ उभे राहा.”

“सरळच उभा आहे, मास्टर. आता याहून सरळ होत नाही.”

जन्मभर फरशीवर वाकून त्यांच्या पाठीला बाक आला होता. मास्टरांनी माझी पाठ त्या बाकाच्या मापाने कापली. आठवड्याने उस्तादांनी मला अंगावर चढवून पाहिले, तेव्हा त्यांनी हात आधी तीनदा धुतले आणि तरीही मला बोटांच्या टोकांनीच धरले. त्यांची मुलगी जुलेखा टाळ्या पिटत म्हणाली, “बाबा, अगदी वजीर दिसता!”

“वजिराला भट्टी लावता येते का गं?” ते म्हणाले. “काढ बाई ही, गुदमरतोय मी.”

मला वाईट वाटले नाही. त्यांच्या अंगाला मातीचा आणि धुराचा वास होता, आणि मला तो आवडला होता.

मित्रांनो, या सन्मानाची एक रीत आहे. नाव ऑगस्टमध्ये जाहीर होते आणि तमगा हातात पडतो थेट मार्च महिन्यात. तरुण माणसाला एवढा काळ काहीच वाटत नाही, पण असे सन्मान तरुणांच्या वाट्याला सहसा येत नाहीत. तोवर घरी पाहुण्यांची रीघ लागली. जो येई तो मिठाईचा पुडा ठेवी आणि म्हणे, “शेरवानी दाखवा की!” मग मला ट्रंकेतून काढायचे, चारचौघांनी चाचपायचे आणि पुन्हा घडी घालून ठेवायचे. उस्तादांची बायको हसना चहा करून करून थकली. उस्ताद पाहुण्यांत अडकले की भट्टीचे काम जुलेखा एकटी बघे. ते मधूनच खिडकीतून धुराकडे पाहत आणि पुटपुटत, “आग जास्त झाली बघा. पोरीला सांगायला हवं.” पाहुण्यांना वाटे, म्हातारा चळला.

थंडीत त्यांच्या छातीत कफ भरला आणि ते गेले. मी तेव्हा ट्रंकेत होते. आधी हसनाचा हंबरडा ऐकला, मग बायकांचे रडणे. मला काही करता येत नव्हते. मी त्यांच्यासाठी होते आणि आता तेच नव्हते. एवढे दुःख मला पुन्हा कधी झाले नाही.

आता गोष्टीत हाजी जुमन येतात. हे उस्तादांचे थोरले भाऊ. बाजारात त्यांचे धान्याचे मोठे दुकान होते. भट्टीकडे ते कधी फिरकत नसत. पण भट्टीची जागा वाडवडिलांची, दोघा भावांची सामाईक, आणि उस्तादांना मुलगा नव्हता. मातीला आलेली माणसे घरी परतली न परतली तोच हाजी जुमन म्हणाले, “हे धुराडं आता कशाला ठेवायचं? जागा रस्त्याला लागून आहे. पाडून टाकू, चांगली दुकानं निघतील.”

जुलेखा चालायला लागल्यापासून बाबांच्या शेजारी बसून फरश्यांवर वेली काढत आली होती. रंग कसा कालवायचा, आग कधी उतरवायची, सारे तिच्या अंगी मुरलेले होते. भट्टी गेली की तिच्या हातातले सारेच जाणार होते. मग तिने कुठे तरी लग्न करून पोळ्या लाटायच्या, असे चाचांनी मनात योजलेले दिसत होते.

अशात कराचीहून निरोप आला. उस्तादांचा तमगा घ्यायला घरच्या कोणीतरी यावे. हसना जाणे शक्य नव्हते. नवरा गेल्यावर बाईने चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचे नाही, परक्या पुरुषासमोर यायचे नाही. ही इद्दत ती पाळत होती. जुलेखाने जावे, अशी तिची मनापासून इच्छा होती. पण हाजी जुमन मौलवी साहेबांना बरोबर घेऊन आले आणि पडद्याच्या बाहेर ठाण मांडून बसले. पडद्याच्या आत हसनाने मला ट्रंकेतून काढून मांडीवर घेतले होते. तिने आवाज एकदाही कापू दिला नाही.

“भाजाई, शेरवानी बाहेर पाठव,” हाजी भावजयीला म्हणाले. “मास्टरकडून माझ्या मापाची करून घेतो.”

“अदा, मी म्हणत होते जुलेखा जाईल. बापाचं काम तिनेच केलंय,” हसना थोरल्या दिराला म्हणाली.

“पोरगी? गव्हर्नरसमोर? आणि लोक विचारतील की थोरला भाऊ काय मेला?”

“लोकांनी तुम्हाला भट्टीजवळ कधी बघितलं नाही ना, म्हणून म्हटलं.”

“धुराने मला खोकला येतो, तुला ठाऊक आहे.”

“हो, काम निघालं की येतो. सासूबाई सांगायच्या.”

बाहेर कोणीतरी हसू दाबले. मौलवी साहेब असावेत. जुलेखा तोंड उघडणार तोच हसनाने तिचे मनगट घट्ट धरले. मग हसना पडद्याकडे तोंड करून बोलली, आणि तिने काय मनाशी योजले आहे ते मला तेव्हा कळले.

“अदा, शेरवानी न्या. तमगाही तुम्हीच घ्या, तुमच्या दुकानात काचेत लावा. पेपरात फोटोही तुमचाच येऊ द्या. मी कधी त्यावर हक्क सांगणार नाही. पण भट्टी आणि तिची जागा जुलेखाच्या नावे करा.”

हाजी जुमन बाहेर खो खो हसले. “त्या काळ्या खड्ड्यासाठी एवढं नाटक? बरं बाई, दिला खड्डा! मौलवी साहेब, ऐकलंत ना?”

“मौलवी साहेबांनी ऐकलं, आता तलाठ्यालाही ऐकवा,” हसना म्हणाली. “जागा नावावर झाली की त्याच दिवशी शेरवानी पाठवते. आणि जरा लवकर करा, अदा. मास्टर आचरना तुमचं पोट मावेल एवढी शिलाई उसवायला वेळ लागेल.”

कराचीचा दिवस जवळ आला होता आणि हाजींना मंचावर उभे राहायची घाई झाली होती. दोन दिवसांत जागा जुलेखाच्या नावावर झाली.

पण मला ज्या रात्री पाठवायचे होते, त्या रात्री जुलेखा माझ्यात तोंड खुपसून रडली. “अमां, तू बाबांचा तमगा देऊन टाकलास,” ती म्हणाली. “मला एकदा त्यांचं नाव तिथे ऐकायचं होतं गं.”

“मलाही ऐकायचं होतं,” हसना म्हणाली. “पण तमगा त्यांनी कधी बघितलासुद्धा नाही. भट्टी रोज बघायचे.”

मास्टर आचर यांनी माझी पाठ उसवली, बाक काढून टाकला आणि पोटाकडे कापड वाढवले. शिवताना ते सारखे नाक ओढत होते. मग मी कराचीला गेले. मोठा दिवाणखाना, झुंबरे, पगडी घातलेले चोपदार, रांगेत बसलेली नामवंत माणसे. कोणी डॉक्टर, कोणी गवई, कोणी वाळवंटात शाळा काढलेली म्हातारी बाई. त्या बाईच्या चपला झिजलेल्या होत्या, त्या पाहून मला आमचे उस्ताद आठवले. नाव पुकारले गेले, “मरहूम उस्ताद बचल.” हाजी जुमन छाती काढून पुढे झाले. टाळ्या पडल्या. मला लाज वाटली. टाळ्या ज्याच्या होत्या तो जमिनीखाली होता, आणि ज्याच्या नव्हत्या तो माझ्यात घाम गाळत होता.

तिथून माझी खरी चाकरी सुरू झाली. गावात लग्न असो, शाळेचा समारंभ असो, की कोणी मंत्री येवो, हाजी जुमन मला अंगावर चढवून आणि तमगा लावून हजर. दरवर्षी त्यांची कहाणी थोडी वाढत गेली. पहिल्या वर्षी ते म्हणाले, “माझा भाऊ मोठा कारागीर होता.” पुढच्या वर्षी, “आम्ही दोघे भाऊ भट्टीवर वाढलो.” आणखी काही वर्षांनी ते निळ्या रंगाचे गुपित सांगता सांगता थांबायला लागले, कारण “घराण्याची गोष्ट बाहेर सांगू नये.” लोक माना डोलवत. माझ्यावर अत्तर सांडले, बिर्याणीचे तूप सांडले, हारांचे डाग पडले. इकडच्या नवरदेवाने मला उसनवार नेले, तिकडच्या उमेदवाराने फोटोपुरते नेले. सगळे म्हणत, “सन्मानाची शेरवानी आहे, बरकत लागेल!” मला मात्र फक्त झोप हवी होती. माझी कोपरे झिजून चकाकू लागली, अस्तर फाटले, मग हाजींनी नवी शेरवानी शिवली. त्यांच्या बायकोने मला गाठोड्यात बांधून हसनाकडे धाडले. मी पुन्हा त्याच ट्रंकेत पडले. कसर लागली. कोणी उघडून पाहिले नाही. खरे सांगू? मला त्याचेही काही वाटले नाही.

पण ट्रंकेत पडल्या पडल्या मला भट्टी ऐकू येई, आणि मी नव्हते तेव्हाच्या गोष्टी मायलेकींच्या बोलण्यातून कळत. बाबांच्या माघारी पहिल्या पहिल्या वेळी फरश्या तडकल्या, तेव्हा लोक येता-जाता टोमणे मारत, “पोरीच्या हातची आग, ती कसली लागते!” जुलेखा तडकलेल्या फरश्या बाजूला रचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा माती मळायला बसे. हळूहळू तडे कमी झाले. मग एका दर्ग्याची भिंत तिच्याकडे आली. तिचे नाव कुठे जाहीर झाले नाही. तिचे केस पांढरे व्हायला लागले आणि बोटांवर भाजल्याचे डाग पडले.

एकदा उरुसाच्या आधी भट्टी उघडायची घाई झाली. फरश्या अजून तापलेल्या होत्या आणि गोणपाटाची फडकी हातातच करपू लागली. जुलेखा धावत घरात आली, ट्रंक उघडली आणि मला बाहेर ओढले.

“अगं, हे काय करतेस?” म्हातारी हसना ओरडली. “बाबांची शेरवानी आहे ती!”

“बाबांनी कुठे घातली गं, अमां? चाचांनीच घातली. लोकर आहे, लवकर जळणार नाही.”

हसना जवळ आली. मला वाटले, आता ती मला पोटाशी धरणार. तिने हात पुढे केला आणि ती म्हणाली, “कात्री दे इकडे. तुला कापड सरळ कापता येत नाही.”

तर मित्रांनो, मी अशी झाले. माझ्या बाह्या गेल्या, कॉलर गेली, बटणे हसनाने डब्यात टाकली. आता मी चौपदरी घड्या घालून शिवलेली काळी फडकी आहे आणि भट्टीच्या तोंडाशी खिळ्याला टांगलेली असते. तमगा आजही धान्याच्या दुकानात काचेत आहे. कोणी विचारले तर हाजींचा नातू तो पुसून दाखवतो. तमग्यावर माझा राग नाही, तोही बिचारा माझ्यासारखाच भलत्या ठिकाणी मिरवला.

तुमच्याही गावात असे एखादे माणूस असेल. कोपऱ्यात वाकून काहीतरी सुंदर करत बसलेले. सरकार त्याला शोधील तेव्हा शोधील. तुम्ही आजच त्याच्या दारात जा. मिठाई नेऊ नका आणि फोटो काढू नका. त्याच्यापाशी बसा, त्याचे काम बघा आणि त्याच्या पाठीमागे ते कोण पुढे नेणार आहे, त्या पोराची किंवा पोरीची विचारपूस करा. शेरवानी शिवायला पुढे पुष्कळ वेळ मिळतो. माणसाला तेवढा वेळ मिळेलच असे नाही.

आता मला थांबायला हवे. जुलेखा भट्टीचे तोंड फोडते आहे. ती मला दोन्ही हातांत धरील आणि आतली पहिली तापलेली निळी फरशी माझ्यावर येईल. मला चटका बसेल, मी आणखी थोडी करपेन. इतकी दमले आहे मी, पण एवढे एक ओझे मला कधी जड झाले नाही.