सनीच्या हातच्या शेंगा

वर्षालीच्या माहेरी, दोडामार्ग तालुक्यातल्या एका वाडीत, बाबांच्या पोफळीच्या बागेत व्हॅनिलाचे साठेक वेल होते. एके काळी गावात सगळ्यांनी हौसेने लावले आणि पुढे सगळ्यांनी उपटून टाकले. बाबांनी तेवढे ठेवले. व्हॅनिलाचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं. तेवढ्या वेळात नारळाच्या झावळीच्या हिराची काडी घेऊन एकेका फुलातला पराग हाताने बसवावा लागतो, नाहीतर शेंग धरत नाही. हे काम तिचा धाकटा भाऊ सनी करायचा. पुढचंही तोच करायचा. शेंगा गरम पाण्यातून काढायच्या, घोंगडीत गुंडाळून घाम आणायचा, उन्हं दाखवायची, आणि मग दोन-अडीच महिने रोज एकेक शेंग अंगठ्यात आणि दोन बोटांत धरून टोकापासून टोकापर्यंत चोळायची. चोळली नाही तर शेंग काटकीसारखी कडक होते. सनीने चोळलेली शेंग बोटाभोवती गुंडाळली तरी मोडत नसे.

सनी एकतिसाव्या वर्षी पुण्याजवळ मोशीला बहिणीकडे राहायला आला. कारण साधं होतं. तीन ठिकाणी मुलगी बघायला गेले आणि तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच, मुलगा कंपनीत आहे का? वर्षालीचा नवरा गणराज मूळचा पाटणकडचा, पण चौदा वर्षं चाकणला होता. गाड्यांचे ब्रॅकेट बनवणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये तो लाइन सुपरवायझर होता. त्याने शब्द टाकला आणि सनी त्याच्याच लाइनवर ऑपरेटर म्हणून लागला. सकाळी दोघे एकाच दुचाकीवर निघायचे.

वर्षाली घरी केक करून विकायची. सोसायटीतले वाढदिवस, जवळपासच्या दोन-तीन इमारती, एवढाच पसारा. तोपर्यंत ती दुकानातला इसेन्स वापरायची. सनी येताना वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या शंभरेक शेंगा घेऊन आला, तेव्हा तिने त्या सरळ फ्रिजमध्ये ठेवल्या. त्याने लगेच काढल्या.

"फ्रिजात ठेवू नको हां, ताय. थंडीन सुकतत नि मगे बुरशी धरतत."

त्याने तिच्याकडून घट्ट झाकणाची काचेची बरणी मागून घेतली. ती धुऊन, दिवसभर उन्हात वाळवून, शेंगांच्या वीस-वीसच्या जुड्या बांधून, बटर पेपरात गुंडाळून आत ठेवल्या. बरणी उजेड लागणार नाही अशा कपाटाच्या आतल्या कोपऱ्यात गेली. पंधरा दिवसांनी एकदा झाकण उघडून वारा द्यायचा, नाक लावून वास घ्यायचा, ओला हात मात्र कधी लावायचा नाही. एकदा वर्षालीला शेंगांवर पांढरं काही दिसलं आणि ती घाबरली. सनीने शेंग खिडकीशी नेऊन उन्हात धरली.

"चमकता मा? मगे ही बुरशी न्हय, शेंगेतलोच अर्क वर येता. बुरशी चमकणा नाय, ती केसाळ आसता नि कुबट वास मारता."

रविवारी तो ओट्याशी उभा राहून शेंगा चिरून द्यायचा. शेंग पाटावर सपाट करायची, सुरीच्या टोकाने उभी चीर द्यायची, उघडायची आणि सुरीच्या पाठीने आतला काळा गर एका ओढीत काढायचा. सालही वाया जात नसे. ती धुऊन, वाळवून साखरेच्या डब्यात खुपसायची. आठ-दहा दिवसांत साखरेला वास धरायचा. काही शेंगा चिरून व्होडकाच्या बाटलीत घातल्या होत्या. घरात दारूची बाटली म्हणून वर्षालीने ती गव्हाच्या डब्यामागे लपवली होती, यावर गणराज आणि सनी दोघेही हसायचे. तिच्या केकला आता वेगळी मागणी येऊ लागली होती. खालच्या मजल्यावरची हर्षाली तर म्हणायची, "ताई, तुमचा केक कापला की आमचा जिना सुद्धा सुगंधी होतो." हर्षालीचा नवरा त्याच प्रेस शॉपमध्ये कंत्राटी कामगार होता.

सनीला सावंतवाडीजवळची एक मुलगी पसंत पडली. दिवाळीनंतर साखरपुडा ठरला.

त्याच्या तीन आठवडे आधी, सकाळी अकराच्या सुमाराला वर्षाली शेंगांची जुडी उघडून बसली होती. हात धुऊन नुकताच पदराला पुसला होता, नीट कोरडा झाला नव्हता. फोन वाजला. गणराज होता.

"सनीच्या हाताला लागलंय. घाबरू नकोस. हॉस्पिटलला ये."

तिने जुडी तशीच बरणीत कोंबली, झाकण लावलं आणि धावली.

सनीच्या उजव्या हाताची चार बोटं प्रेसमध्ये गेली होती. अंगठा राहिला. बोटं बर्फात घालून आणली होती, पण ती जोडण्यासारखी नव्हती. डॉक्टरने हे सांगितलं तेव्हा गणराज भिंतीकडे तोंड करून उभा होता. वर्षालीला वाटलं, रडतोय.

त्या मशीनला दोन बटणं होती. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवून दोन्ही हातांनी दोन बटणं दाबली तरच प्रेस खाली यायचा. शिवाय समोर सेन्सर होता. मध्ये हात आला तर मशीन जागीच थांबायचं. त्या दिवशी सेन्सर बंद होता आणि मशीन पायाच्या पेडलवर चालू होतं.

"कुणी बंद केला सेन्सर?" तिने गणराजला विचारलं.

"त्यानेच," तो म्हणाला. "ही पोरं करतात तसं. लवकर आकडा काढायचा असतो."

तिने विश्वास ठेवला. सनीला तिने काही विचारलं नाही, कारण त्याला आधीच पुष्कळ झालं होतं. साखरपुडा पुढे ढकलू, असा मुलीकडून निरोप आला. आठ दिवसांनी, आमचं दुसरीकडे जमलंय, असा दुसरा निरोप आला. सनी हे ऐकून नुसता "बरां" म्हणाला.

पाच आठवड्यांनी पट्ट्या निघाल्या. एका शनिवारी दुपारी सनी स्वतःहून स्वयंपाकघरात आला आणि डाव्या हाताने कपाट उघडून बरणी काढली. झाकण फिरवायला त्याला जमेना. बरणी पोटाशी धरून त्याने दोनदा प्रयत्न केला, मग वर्षालीकडे दिली. तिने उघडली आणि दोघांनाही एकदमच कळलं. गोड वासाच्या आत ओल्या फडक्यासारखा वास होता.

त्यांनी जमिनीवर जुना पेपर पसरला आणि शेंगा एकेक वेगळ्या केल्या. मधल्या जुडीतल्या शेंगांवर राखाडी लव आली होती. ज्यांना लव होती त्या पिशवीत गेल्या. त्या पुसून चालत नाहीत, टाकाव्याच लागतात. त्यांना चिकटलेल्याही टाकल्या. बाकीच्या सनीने नाकाशी धरून हुंगल्या, आणि तो सांगेल तशी वर्षाली कापसाचा बोळा व्होडकात भिजवून एकेक शेंग पुसून वाऱ्याला ठेवत गेली.

"माझ्यामुळे झाला," ती म्हणाली. "त्या दिवशी हात ओलो होतो. फोन इलो नि मी तशीच ठेवलंय."

"जाऊंदे."

"सनी, तू तो सेन्सर कित्याक बंद केलंस रे?"

त्याचा हात थांबला. "तुका कोणी सांगल्यान, मी केलंय म्हणान?"

"ह्यांनी."

त्याने हातातली शेंग पेपरवर ठेवली. "सेन्सर बंद करूची चावी माझ्याकडे तरी खंय होती? चावी सुपरवायझरकडे आसता."

वर्षालीने बोळा खाली ठेवला.

"सेन्सर परत परत ट्रिप होय होतो," तो सांगू लागला. "गाडी भरूची होती. भावोजी इले, चावी फिरवल्यानी, म्हणाले दुपारपर्यंत पेडलवर काढ. मी म्हटलंय, नको. ते म्हणाले, मी उभो आसंय मा. मगे त्यांका फोन इलो नि ते गेले."

"नि तू एवढे दिवस गप रवलंस?"

"तुझा घर मोडतला. सोमवारी सरकारी साहेब जबाब घेऊक येतले. मी सांगतलंय मीच केलंय. तू ह्यात पडा नको, ताय. माझी बोटां काय परत येवची नाय."

गणराज चारच्या सुमाराला घरी आला तेव्हा शेंगा अजून पेपरवर पसरलेल्या होत्या. वर्षाली दारातच उभी राहिली.

"चावी कुणाकडे असते?"

त्याने हेल्मेट हातातच धरलं. काय विचारतेयस, असं त्याने म्हटलं नाही. खुर्चीवर बसला आणि बूट न काढताच बोलू लागला.

"मॅनेजर सकाळपासून डोक्यावर बसला होता. सगळ्या लाइनींवर हेच चालतं, वर्षाली. मीच पहिला नाही."

"तुम्ही त्याच्या नावावर घातलंत."

"माझी नोकरी गेली असती. वर पोलीस केस. मग हे घर कुणी चालवलं असतं? त्याचं तरी कुणी बघितलं असतं? एकजण तरी उभा राहायला नको?"

"सोमवारी खरं सांगा."

"सनी तयार आहे," तो हळू म्हणाला. "त्याची हरकत नाही. तू कशाला उकरतेस?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, विनवणी होती, आणि वर्षालीला तेच सहन झालं नाही. रागावला असता तर तिला भांडता आलं असतं. आत सनी पेपरवरच्या शेंगा एका हाताने गोळा करत होता आणि सगळं ऐकत होता.

सोमवारी सरकारी कारखाना निरीक्षक घरीच आले, कारण सनीला अजून चक्कर यायची. पन्नाशीचे, शांत गृहस्थ होते. सोबत कंपनीचा एक माणूस होता. गणराजही सुटी टाकून थांबला होता. सनीने पाठ केल्यासारखं सांगितलं. सेन्सर मीच बंद केला, मला कुणी सांगितलं नाही, चूक माझी. निरीक्षक लिहीत गेले. मग त्यांनी वर बघून विचारलं, "सेन्सरची चावी तुमच्याकडे कशी आली?"

सनीने कंपनीच्या माणसाकडे बघितलं. कंपनीचा माणूस म्हणाला, "टेबलवरून घेतली असणार, साहेब."

निरीक्षकांनी चहा घेऊन आलेल्या वर्षालीकडे बघितलं. "तुम्ही यांच्या कोण?"

"बहीण."

"तुम्हाला यातलं काही माहीत आहे?"

सनीने मान हलवली, अगदी थोडी, नको म्हणून. गणराज जमिनीकडे बघत होता. वर्षालीने ट्रे खाली ठेवला.

"चावी माझ्या नवऱ्याकडे असते. सेन्सर त्यांनी बंद केला. आणि त्यांना मॅनेजरने घाई लावली होती. शनिवारी त्यांनी स्वतः मला सांगितलंय."

कंपनीचा माणूस उठून उभाच राहिला. निरीक्षकांनी त्याला हाताने बसायला सांगितलं आणि नवा कागद घेतला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. गणराजला घरी बसवलं. मॅनेजरचं नाव कागदावर आलं की नाही, ते कुणाला कळलं नाही. तो कामावर येत राहिला. चौकशीसाठी ती लाइन अठरा दिवस बंद राहिली आणि कंत्राटी माणसांना येऊ नका म्हणून सांगण्यात आलं. त्यांत हर्षालीचा नवरा होता. हर्षाली वर आली, दारातच उभी राहिली.

"संस्कृतीच्या वाढदिवसाचा केक नको आता," ती म्हणाली. संस्कृती तिची मुलगी. "तुम्ही भावासाठी बोललात, ठीक आहे. पण आमच्या घरी काय शिजणार, त्याचा विचार केलात का?"

त्या महिन्यात दुसऱ्याही कुणाची ऑर्डर आली नाही.

सनीने तिचे आभार मानले नाहीत. उलट निरीक्षक गेले त्याच संध्याकाळी तो कधी नव्हे इतका ओरडला. "तुका बोलूक कोणी सांगल्यान होता? माझो हात गेलो, आता तुझो घोव पण गेलो. काय मिळाला तुका?" चार दिवसांनी त्याने बॅग भरली. डाव्या हाताने चेन ओढता येईना, ती लावून द्यायला वर्षाली वाकली, तर त्याने बॅग बाजूला घेतली आणि उघडीच खांद्याला लावून निघाला. गणराज आत झोपल्याचं सोंग करून पडला होता.

बाबांचे फोन यायचे. सनी बोलत नाही, म्हणायचे. बागेत जातो, वेलांखाली बसून परत येतो. या वर्षीच्या शेंगा उतरल्या होत्या. बाबांना कमी दिसत होतं, त्यांनी चोळायला वाडीतली एक बाई लावली होती आणि तिच्या हातून शेंगांना चिरा पडत होत्या.

नवरा-बायको एकाच घरात राहत होते. वर्षाली दोन वेळचं वाढायची, गणराज जेवायचा. एकदा मात्र तो ताटावरून न उठता म्हणाला, "तुला वाटतं मला त्याचं काही वाटत नाही. मला त्याचा आवाज रोज ऐकू येतो." ती त्याच्यासमोर बसली. हे तो पहिल्यांदाच बोलला होता. तिला त्याची कीव आली, आणि तरी तिला आपले शब्द मागे घ्यावेसे वाटले नाहीत.

फेब्रुवारीत एका सकाळी सनीचा फोन आला. इकडचं तिकडचं काही विचारलं नाही.

"चौकशीची तारीख कधी आसा, ताय?"

"बावीस तारखेक."

"मी येतंय. त्या साहेबाक सांगतंय, पयलो जबाब खोटो होतो. थंय परत दुसरो कोणतरी त्या मशीनवर बसलोच आसतलो मा?"

"होय," ती म्हणाली. "बसलो आसा."

तिने फोन ठेवला तेव्हा गणराज मागे उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"कुठे उतरणार तो?"

"इथेच. दुसरीकडे कुठे उतरणार?"

गणराजने थोडा वेळ दाराच्या कडीशी चाळा केला. "मग मी तेवढे दिवस दापोडीला भावाकडे जातो."

ती थांबा म्हणेल, याची त्याने वाट बघितली. वर्षालीला ते कळलं.

"जा," ती म्हणाली, आणि त्याचे कपडे काढून द्यायला उठली.