तालुवेआ जिंकेपर्यंत

घाटावर निघताना अंबूबाईंनी लेकीला दारातच थांबवलं. कावळा शिवला की आधी मला फोन कर, तोवर मी पाण्याचा घोट घेणार न्हाई, एवढंच त्या म्हणाल्या. गुडघ्यांमुळे त्यांना इंद्रायणीच्या घाटाच्या पायऱ्या उतरवत नव्हत्या, म्हणून नवऱ्याच्या दहाव्याला त्या घरीच राहणार होत्या. सारिकाने मान हलवली. खिडकीत पाण्याचा तांब्या झाकून ठेवलेला होता आणि त्याच्याशेजारी सकाळची शुगरची गोळी तशीच पडली होती.

सारिका तळेगावच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. पिंड, कावळा, मागे राहिलेली वासना, या सगळ्यावर तिने बरंच वाचलं होतं. एखादी गोष्ट नीट वाचली की तिचा धाक उरत नाही असा तिचा समज होता. आबा गेल्यापासून तो समज कुठे गेला होता कोण जाणे. रस्ताभर ती फोन मुठीत धरून चालली होती, आणि घाट दिसला तसा तिने तो उघडून पाहिला. मॅच सुरू व्हायला थोडा वेळ होता.

तिचे वडील दत्तोबा, म्हणजे आबा, तरुणपणी खडी क्रशरवर होते आणि पुढे बरीच वर्षं कुसगावच्या एका हॉटेलात माळी. हॉटेलवाल्यांनी पोहण्याच्या तलावाकाठी ट्रकनं वाळू आणून टाकली होती, तिला ते बीच म्हणत. रोज पहाटे ती वाळू फावडीनं सारखी करायची, त्यातली सिगारेटची थोटकं आणि बाटल्यांची बुचं वेचायची, हे दत्तोबांचं काम. पाहुणे येत, फोटो काढत आणि निघून जात. इतकी मऊ वाळू, पण तिच्यावर कधी कुणी धड पळालं नाही, याची त्यांना फार चुटपुट होती. तरुणपणी इंदुरीच्या नदीपात्रात ते कबड्डी खेळलेले. वाळूत पाय रुतला की माणसाचं खरं वजन कळतं, असं ते सांगत.

मग फुप्फुसांनी साथ सोडली. क्रशरची धूळ इतक्या वर्षांनी वर आली, असं डॉक्टरांनी सांगितलं. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून दत्तोबा दिवसरात्र खाटेवर बसून असत. नाकाला नळी आणि शेजारी घरघरणारं ऑक्सिजनचं मशीन. एका रविवारी सारिकाने त्यांचं मन रमावं म्हणून फोनवर काहीबाही लावून दिलं, आणि त्यातच त्यांना तालुवेआ सापडलं.

तालुवेआ म्हणजे प्रशांत महासागरातलं एक बेट. अख्ख्या देशाची वस्ती आपल्या वडगावच्या बाजाराला भरेल एवढी. या देशाचा एक वाळूवरच्या फुटबॉलचा संघ होता. पाच जण, अनवाणी, समोर तसेच पाच. संघातले कुणी मासे धरणारे, कुणी शाळेत शिकवणारे. टक्कल पडलेला गोलकीपर बस चालवतो, असं समालोचक सांगत होता. दत्तोबांनी त्याचं नाव मामा ठेवलं. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये हा संघ नेमाने जाई आणि नेमाने हरे. नऊ-एक हरे, सात-दोन हरे. एकदा तीन-दोन हरला तेव्हा दत्तोबांनी साखर घातलेला चहा मागून घेतला होता.

या खेळातला एक नियम त्यांना फार आवडे. समोरच्यानं कुणाला पाडलं, तर ज्याला लागलं त्यानंच उठून चेंडू मारायचा. हातानं वाळूची छोटी ढेपी करायची, तिच्यावर चेंडू ठेवायचा. आणि तो मारेपर्यंत मधे कुणी आडवं उभं राहायचं नाही.

"ज्याला लागलं त्यालाच मोकळी वाट," ते नळीतून श्वास ओढत म्हणत. "असा न्याय मी हितं तर कुटं बघितला न्हाई."

अंबूबाई भाकरी थापता थापता विचारत, हरली का तुमची पोरं? हरली, असं दत्तोबा सांगत, आणि सवयीनं पुढे जोडत, "एकदा जिंकली की मी मोकळा." घरात सगळे हसत. शेवटच्या आठवड्यात त्यांनी सारिकाला विचारलं होतं की आता पोरांची मॅच कधी. तिने तारीख सांगितली. त्यांनी बोटांवर मोजलं आणि तोवर टिकतो म्हणाले. ते टिकले नाहीत. मॅच त्यांच्या दहाव्याच्या सकाळी आली.

घाटावर प्रवचन आटोपलं होतं. माइकवरून चुलतभाऊ आदिनाथ श्रद्धांजलीला आलेल्यांची नावं पुकारत होता. त्यात दत्तोबांना कधीही न भेटलेले दोन पुढारी होते आणि दोघेही त्यांच्या मनमिळाऊ स्वभावाबद्दल बोलले. कैलासचं, सारिकाच्या धाकट्या भावाचं, डोकं नुकतंच भादरलं होतं. ओल्या पंचात तो एकदम शाळकरी दिसत होता. गुरुजींनी त्याच्या हातून पिंड मांडले. खाली पसरलेल्या वाळूवर पत्रावळ, तिच्यावर भाताचे गोळे, शेजारी दत्तोबांच्या आवडीचं पिठलं, बाजरीची भाकरी आणि साखर घातलेला चहा. सगळे मागे सरकले. पलीकडे उंबरावर कावळे बसले होते, आणि ते तिथेच बसून राहिले.

मग हळूहळू कुजबुज सुरू झाली. काहीतरी मागे राहिलंय, बोला कुणीतरी. कैलास हात जोडून पुढे झाला. आईला अंतर देणार नाही म्हणाला. कावळे हलले नाहीत. मग त्याने आवाज चढवून सांगितलं की जमीन विकणार नाही. शेताच्या बांधावर प्लॉटिंगची पाटी गेल्याच महिन्यात लागली होती आणि जमलेल्यांपैकी निम्मे लोक तिच्यावरूनच आले होते. एक कावळा उंबरावरून उठला, एक घिरटी घालून पुन्हा फांदीवर जाऊन बसला.

आता धोंडाबाई पुढे आल्या. दत्तोबांची ही थोरली बहीण. भावकीत त्यांचा शब्द चाले. त्यांनी सारिकाचं मनगट धरलं.

"सारिके, तू बोल. तुज्यात जीव आडकलाय त्याचा. लगीन करीन म्हण, म्हंजी शिवंल."

सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. सारिकाची चाळिशी जवळ आली होती. लग्न करायचं नाही हे तिने आबांना केव्हाच सांगितलं होतं, आणि त्यांनी त्यावर विचारलं होतं की मग पुस्तकांना कप्पे कुठल्या लाकडाचे करायचे.

"आत्या, त्यांचं तसं काही नव्हतं," ती म्हणाली.

"मग काय हुतं?"

"त्यांचा एक संघ होता. तो एकदा जिंकायला हवा होता."

मागून कुणीतरी विचारलं, मुंबई का चेन्नई? दोघे-तिघे हसले आणि लगेच ओशाळून उंबराकडे बघू लागले. धोंडाबाईंनी मनगट सोडलं. शिकलेल्या पोरीकडून याहून दुसरी कसली अपेक्षा ठेवायची, असं त्यांच्या चेहऱ्यावर सरळ उमटलं होतं.

सारिका पायऱ्यांच्या कडेला गेली आणि तिने फोन उघडला. आवाज बंद होता. उन्हात भाजत असलेली पांढरी वाळू, मागे जेमतेम भरलेला एक लाकडी मंडप. तिसरा आणि शेवटचा भाग चालू होता. कोपऱ्यातला आकडा तिने दोनदा वाचला. तीन-तीन.

"किती?" शेजारी कैलास येऊन उभा राहिला होता. तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. दोघं कितीतरी महिन्यांत इतके जवळ उभे राहिले नव्हते. जमिनीच्या विषयावर त्यांचं बोलणं तुटलं होतं. कैलासने डोक्यावरचं पाणी पंचाने पुसलं आणि बोट दाखवून विचारलं, मामा हाच ना? तिने हो म्हटलं. त्यालाही ठाऊक होतं तर.

तेवढ्यात तालुवेआच्या एका पोरानं गोलाकडे पाठ असतानाच हवेत उलटं होऊन लाथ मारली. चेंडू जाळ्यात गेला. पोर वाळूत पाठीवर आपटलं आणि तिथेच पडल्या पडल्या दोन्ही हात वर करून राहिलं. चार-तीन.

कैलासने तिचा दंड घट्ट धरला. आदिनाथ माइक सोडून आला, त्याच्यामागे आणखी दोघे. कुणाला काही विचारायची गरज पडली नाही. ती मघाशी बोलली होती तेच हे, एवढं सगळ्यांना समजलं. धोंडाबाईसुद्धा डोळे बारीक करून वाकल्या आणि त्यातली आपली कोणती, असं विचारलं. पिंडाकडे थोडा वेळ फक्त गुरुजी बघत होते.

सारिका मनातल्या मनात वाक्य जुळवत होती. तिथे जायचं, हात जोडायचे आणि आबा, जिंकले म्हणायचं. ते वाक्य खरं असणार होतं. आज सकाळपासून त्या घाटावर बोललेलं पहिलं खरं वाक्य. आपण याच्यावर विश्वास ठेवत नाही, ही गोष्ट तिला त्या क्षणी आठवलीही नाही.

चार-चार झाले. घड्याळात थोडे सेकंद उरले असताना तालुवेआच्या एकाचा पाय समोरच्या खेळाडूच्या पायात गेला. शिट्टी झाली असावी. पडलेला खेळाडू उठला, गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातांनी वाळू गोळा करून ढेपी करू लागला. फार सावकाश, काळजीने, कडा थापटून थापटून. त्याच्यासमोर कुणी नव्हतं. दूर तेवढा मामा, हात पसरून.

त्याने चेंडू ढेपीवर ठेवला, आणि फोन थरथरला. स्क्रीनवर आईचं नाव आलं.

सारिकाला तो कापता आला नाही.

"शिवला का गं?"

"नाही अजून."

"का?" अंबूबाईंचा आवाज कोरडा पडला होता. "पोरांची मॅच हाय न्हवं आज? तिचं काय?"

"चाललीय, आई. गोळी घे ना तू."

"शिवल्यावर घीन," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

चित्र परत आलं तेव्हा निळ्या कपड्यांतली पोरं एकमेकांवर पडून ढीग झाला होता. ती तालुवेआची नव्हती. मामा गोलच्या खांबाला पाठ लावून वाळूत बसला होता, पाय पसरून, हात मांडीवर. एखादा माणूस दिवसभराच्या कामानंतर पारावर टेकतो तसा. वर आकडा पाच-चार. कैलासने तिच्या दंडावरचा हात काढून घेतला. जमलेले लोक एकेक करून मागे वळले, आणि आदिनाथ माइकपाशी जाऊन उगाच तार तपासत राहिला.

गुरुजी म्हणाले, आता उशीर होतोय, खालच्या पायरीवर दुसऱ्यांचंही आहे. सारिका पिंडापाशी गेली. धोंडाबाईंना वाटलं पोरीला अक्कल आली, म्हणून त्यांनी बाकीच्यांना गप्प केलं. सारिकाने हात जोडले. खोटं बोलणं अगदी सोपं होतं. कैलासने तिच्यासमोरच दोनदा बोलून दाखवलं होतं. पण आबा आयुष्यात एकदाही आकडा लपवून बोलले नव्हते, नऊ-एक असला तरी.

"हरले, आबा," ती हलकेच म्हणाली. "थोडक्यात हरले."

ती वाट पाहत उभी राहिली. उंबरावरून एक कावळा उडाला. सगळ्यांनी माना उंचावल्या. तो त्यांच्या डोक्यावरून गेला, खालच्या पायरीवर नुकत्याच मांडलेल्या दुसऱ्या घरच्या पिंडावर उतरला आणि त्याने चोच मारली. तिकडच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. त्यांच्यातला एक म्हातारा समाधानानं म्हणाला की कशात मन न्हवतंच आमच्या दादाचं.

गुरुजींनी दर्भाच्या काड्या घेतल्या, त्यांना पीळ देऊन गाठ मारली आणि तो गवताचा कावळा पिंडाला टेकवला. हेही शास्त्राला धरूनच आहे, मनात काही आणू नका, असं त्यांनी समजावलं. लोक भराभर निघाले. धोंडाबाई सारिकाकडे न बघता पायऱ्या चढून गेल्या. पिठलं, भाकरी आणि गार झालेला चहा तिथेच राहिला.

घरी येताना तिने फोन केला नाही. फोनवर सांगणं तिला जमलं नसतं. कैलास तिच्या मागून चालत होता.

अंबूबाई खिडकीशी बसल्या होत्या. ओठ सुकून पांढरे पडले होते. कोपऱ्यातलं ऑक्सिजनचं मशीन कुणीतरी चादरीनं झाकून ठेवलं होतं. त्यांनी नुसतं वर पाहिलं.

"शिवला," सारिका म्हणाली.

अंबूबाईंनी डोळे मिटले. मग तांब्यावरचं झाकण काढलं, गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्यायल्या. बराच वेळ, श्वास न घेता, गळ्याची शीर हलत राहिली. दाराबाहेर कैलास पायांवर पाणी घेत होता. त्याने ऐकलं होतं. त्याच्या हातातला तांब्या थोडा वेळ तसाच तिरपा राहिला.

"म्हंजी पोरं जिंकली म्हणायची," अंबूबाई म्हणाल्या.

"हो."

"कितीनं?"

"पाच-चार."

"आन् मामा? नाचला का गं?"

सारिका भिंतीला टेकून खाली बसली. "नाही. वाळूत बसून राहिला."

"व्हतं तसं," अंबूबाई म्हणाल्या. "लय दिसांनी मनासारकं झालं की व्हतं माणसाचं तसं." त्यांनी तांब्यातलं उरलेलं पाणी संपवलं आणि तो पालथा घालून ठेवला. "सुटले बाई एकदाचे."

कैलास आत आला नाही. पाय केव्हाच धुऊन झाले होते, तरी तो पाणी ओतत होता.