निळं कपाळ

एक मांजर.

खडकांतल्या डबक्यांतून वेचलेले शंख, अजून ओले.

गिरगावात आमच्या मजल्यावर शेजारच्या खोल्यांना कुलपं.

कापूर, ऊद, पुन्हा कापूर.

अंधारात एक कपाळ. निळसर उजळलेलं.

सन १८९७चा माघ. मुंबईत गाठीच्या तापानं, प्लेगनं, माणसं पटापट मरत होती. बहीण गुणवंती, मेहुणे रामचंद्रराव, त्यांची लहानगी मंजुळा आणि मी वरळीच्या कोळीवाड्यात रखमा कोळणीच्या घरी खोली घेऊन राहिलो होतो. लोकांना सांगताना आम्ही हवापालट म्हणायचो. किल्ला पाहिला, खेकडे पाहिले, माडाखाली लोळलो. मग मंजुळेला ताप भरला. गिरगावाहून आमच्यासारखीच आलेली बिऱ्हाडं दारात जमली, पण उंबरा कोणी ओलांडेना.

ओलांडला तो दर्याबाबा म्हणवणाऱ्या एका बुवांनी. भर दुपारी खिडक्यांवर घोंगड्या टांगल्या, धूर केला, तांब्यातलं तीर्थ पोरीच्या कपाळाला फासलं आणि आम्हाला डोळे मिटून जपाला बसवलं. बऱ्याच वेळानं डोळे उघडले तर कपाळ उजळलेलं. दारातल्या गर्दीनं हात जोडले.

"सागरदेवीची बोटं आहेत ही," बाबा म्हणाले. "आता हिला माणसानं शिवलं, तर घरात एक उरणार नाही. औषध नाही, पाणी नाही. उद्या ओहोटीला खडकावर ठेवा. भरती आली की देवी निवाडा करील."

गुणवंतीच्या हातातल्या पाटल्याही देवीला हव्या होत्या. त्या बाबा स्वतः पोचवणार होते.

मी विरोध केला. मेहुणे माझ्यावरच उखडले. "जगन, तुझं शाळेतलं सृष्टिशास्त्र गाठ थोपवतं का रे?"

खरं म्हणजे माझेही पाय पोरीपाशी जायला तयार नव्हते.

दुसऱ्या दुपारी, खडकावर नेण्याआधी, बाबांनी शेवटचं दर्शन घडवलं. पुन्हा तीर्थ, अंधार, जप. तेवढ्यात घोंगडीखालून मांजर शिरलं आणि पोरीचं कपाळ चाटू लागलं. कपाळ विझलं. मांजराच्या मिशा उजळल्या.

"देवी मांजरात गेली," दारातून कोणीतरी कुजबुजलं.

मला मात्र आठवलं की बाबांनी रखमाला तिच्याच घरात यायला बंदी केली होती. देवीला म्हणे मासळीचा विटाळ. मी अंगणात धावलो आणि रखमाकडे कालचा बोंबील मागितला.

"बामन कवापासून बोंबील खाया लागले?" ती म्हणाली.

तो तळहातावर चोळून मी अंधारात परतलो आणि हात वर केला. हात निळा उजळला. घोंगड्या ओढून मी बाबांचा तांब्या सगळ्यांच्या नाकाखाली धरला. धुराशिवाय त्यातला मासळीचा वास लपत नव्हता. समुद्रातली मासळी शिळी होऊ लागली की अंधारात अशी चमकते. रखमा रोज टोपलीत पाहते. ज्यांच्या घरात मासळी येत नाही, त्यांनाच ती देवी वाटली. बाबा पाटल्यांविना पळाले.

भीती वाटणारच, गाठीचा ताप काही खोटा नाही. पण भ्यालेल्यानं आधी खिडकी उघडावी, तीर्थाचा वास घ्यावा, आणि ज्याला आत यायला मनाई केली आहे त्यालाच पहिल्यांदा आत बोलवावं.

मंजुळेचं कपाळ हाताला गार लागलं; ताप केव्हाच उतरला होता. तोवर हात लावून पाहिलं नव्हतं आमच्यापैकी कोणी.