उलट्या कापलेल्या कळ्या

मित्रांनो, शिंप्याच्या टेबलाच्या खणात पडून असलेली मी एक जुनी, जड कात्री आहे. मालमोटारीच्या जुन्या पोलादापासून मेरठला एका भट्टीत मला घडवलं. शहाद्याच्या गफूर टेलरकडे मी आले, तेव्हा माझी मूठ त्याच्या हाताला टोचायची. पुढे त्याला घट्टे पडले, माझी मूठ गुळगुळीत झाली आणि आमचं जमलं.

कापणाऱ्या हाताचं खरंखोटं कात्रीला कळतं. गफूर उरलेला वीतभर तुकडासुद्धा गिऱ्हाइकाला परत द्यायचा. समोरचे कापड दुकानदार सुमेरमलशेट म्हणून तर सगळ्यांना त्याच्याचकडे पाठवायचे. दुपारी दोघं मिळून चहा प्यायचे.

निवृत्त शिक्षक नवल गुरुजीही तिथे बसायला येत. प्राचीन ग्रीक विचारवंतांचं त्यांना वेड. एकदा त्यांनी प्लेटोने लिहिलेली गोष्ट सांगितली. एका मेंढपाळाला अंगठी सापडते. ती फिरवली की तो कुणाला दिसत नाही, आणि मग तो हवं ते करत सुटतो.

"गफूरभाई, अशी अंगठी तुले मिळनी तर काय करशी?"

गफूरने अंगुस्तान, म्हणजे सुई टोचू नये म्हणून घालायची धातूची टोपी, घातलेलं बोट वर केलं. "गुरजी, मन्हा बोटमा ही टोपी शे. अंगठीले जागा कोठे?"

सगळे हसले.

त्याच महिन्यात भाविका नावाची एक मुलगी स्वतःच्या लग्नाच्या घागऱ्यासाठी सुमेरमलच्या दुकानातून लाल मखमल घेऊन आली. घागऱ्याची कळी, म्हणजे घेराचा एकेक उभा तुकडा, वर अरुंद, खाली रुंद. सुती कापडात एक कळी सुलटी, एक उलटी आखली की कापड वाचतं. हाताच्या सवयीने गफूरने तसंच आखलं आणि मी कापत गेले. पण मखमलीला लव असते, मित्रांनो. ती उलटी झाली की रंग वेगळा दिसतो.

घागरा पाहून भाविका रडकुंडीला आली. "काका, एक कळी काळी, एक लाल! सुमेरशेटनी जुनं कापड गळामा बांधं!"

गफूरने मखमलीवरून हात फिरवला. त्याला कळलं. मलाही कळलं. तो हळूच म्हणाला, "कापडनंच काहीतरी व्हई."

सुमेरमलशेटनी वाद न घालता नवं कापड दिलं. या वेळी गफूरने साऱ्या कळ्या एकाच दिशेने कापल्या. घागरा सुरेख झाला. पण बाजारभर बोललं गेलं की सुमेरमलची मखमल रंग बदलते.

आठ दिवस गफूरला नीट जेवण गेलं नाही. नवव्या दिवशी शेट दुकानात आले, तेव्हा तो उभा राहिला. "शेट, कापड चांगलं व्हतं. कळ्या मीच उलट्या काप्यात."

शेटनी मखमलीची कतरण उचलून तिच्यावरून उलटसुलट बोट फिरवलं.

"गफूर, आठ दिन तू मन्हा दुकानम्होरथून रोज गया. मन्हासंगे चहा बी पिधा."

एवढंच बोलून ते गेले, ते परत आले नाहीत. गफूरने भाविकाच्या घरी आणि बाजारात जाऊन स्वतःची चूक सांगितली. शेटच्या मालावरचा आळ गेला. शेट मात्र आता गिऱ्हाइकं पाठवत नाहीत, म्हणून नवी शिवणकामं थांबली. आता तयार कपडे टाचून देण्यापुरतं काम येतं. त्याला छोटी कात्री पुरते. दुपारी टेबलावर एकच कप ठेवल्याचा आवाज मला खणात ऐकू येतो.

परवा गुरुजी म्हणाले, "सॉक्रेटिस सांगे, ज्याले चांगलं काय ते समजनं, तो चांगलंच करस."

गफूर म्हणाला, "गुरजी, माले तर त्याच दिन समजेल व्हतं."

गुरुजी म्हणाले की अॅरिस्टॉटल नावाच्या दुसऱ्या ग्रीकाला हीच शंका आली होती. नुसतं कळून भागत नाही, चांगलं वागणं रोज करून अंगवळणी पाडावं लागतं, असं तो सांगे.

मित्रांनो, मी सगळं पाहिलं, पण मला वाचा नव्हती. तुम्हाला आहे. हातून चूक झाली आणि आळ दुसऱ्यावर जातोय असं दिसलं, तर त्याच दिवशी त्याच्या दारात जा आणि सांगा. आणि घरात माझ्यासारखी जुनी कात्री असेल, तर तिला अधूनमधून तेलाचा एक थेंब द्या, थोडी उघडझाप करा. फार दिवस मिटून राहिलं की आमची पाती गंजून चिकटतात. मग उघडायला फार जोर लागतो.