टाचेखालची जमीन

"टेकवा आता," कुंती म्हणाली. "किती वेळ टांगून ठेवणार पाय?"

हरिलाल खाटेच्या कडेवर बसला होता. डावा पाय जमिनीवर होता, उजवा हवेत. बाहेर नीट उजाडलं नव्हतं. बेटाच्या या उंच भागात, कार्तिए मिलितेरच्या आसपासच्या गावांत, इथल्या हिवाळ्यात, म्हणजे गणपतीच्या सुमारास, धुकं थेट उंबऱ्यापर्यंत येतं आणि ओळखीच्या माणसासारखं तिथेच बसून राहतं. त्या धुक्याकडे बघत हरिलाल अजून अर्धा स्वप्नातच होता.

स्वप्न रोजचंच होतं. चहाच्या कारखान्यात जाळीवर हिरवी पानं सुकायला पसरलेली असत, आणि त्या पानांवर तो अनवाणी झाकरी नाचत असे. पाय घोट्यापर्यंत आत जात. पानं थंड, ओलसर. टाच आपटली तरी दुखत नसे, पण टाचेचा आवाजही येत नसे. आवाज का येत नाही म्हणून तो आणखी जोरात आपटायचा, आणि त्यातच त्याला जाग यायची.

त्याने उजवा पाय खाली ठेवला.

"आयो!"

"रोजचा तमाशा," कुंती म्हणाली, पण खांदा पुढे केलाच. "टाच कापायची तर कापा, ठेवायची तर ठेवा. पण एक काय ते ठरवा. शेजारची सुनयना इचारते, तुमच्या घरात सकाळी कोंबडा हाय काय म्हणून."

पहिलं पाऊल खिळ्यावर पडल्यासारखं असायचं. विहिरीपर्यंत जाऊन आलं की दुखणं जरा निवायचं. मग कारखान्यात रबरी बूट घालून सिमेंटवर दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी ते पुन्हा जागं व्हायचं. चहा भाजण्याच्या मशीनपाशी हरिलालची उमर गेली होती. त्याच्या शर्टाला, केसांना, उशीलासुद्धा चहाचा वास होता. त्या कामाबद्दल त्याला कोणी काही विचारत नसे, आणि तोही कोणाला काही सांगत नसे.

विचारत ते झाकरीबद्दल.

गणपती आले की देवळापुढच्या अंगणात झाकरी नाचतात. मधोमध गाणारे आणि मृदंगवाला बसतात, आणि त्यांच्याभोवती बाकीचे रिंगण धरतात. गाण्याची ओळ संपली की सगळ्यांची उजवी टाच एकदम जमिनीवर पडते. ती नुसती पडून चालत नाही. ती जमिनीला ऐकू गेली पाहिजे. हरिलालचा बा असा नाचायचा, आणि त्याचा आजा, जो कोकणातून बोटीने इथे ऊस तोडायला आला, तोही म्हणे असाच नाचायचा. आज्याची भाषा नातवंडांच्या तोंडात निम्मी राहिली होती, पण टाच पुरी राहिली होती. रिंगणात सगळ्यात पुढे हरिलाल असे. उजव्या पायात बाचे चाळ बांधलेले. गावातल्या पोरांना झाकरी शिकवायची ती त्यानेच, आणि ती त्याने कधी ओरडून शिकवली नाही. म्हणायचा, "माज्या पायांकडं बगा आनि मागनं या." एवढंच.

*

रोझ हिलला त्याची मुलगी निर्मला एका कचेरीत टायपिस्ट होती. शनिवारी ती त्याला तिथल्या एका खाजगी दवाखान्यात घेऊन गेली. सर्जनने एक्स-रे काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. टाचेचं हाड ढगासारखं पांढरं दिसत होतं, आणि त्याच्या खालच्या कडेला पुढे आलेलं एक बारीक टोक.

"हा काटा," सर्जन बेटावरच्या क्रेओल बोलीत म्हणाला. "कोंबड्याच्या पायाला असतो ना, तसा. हवा तर कापून काढतो. पुढच्या सोमवारी जागा आहे. शुक्रवारपर्यंत फोन करा."

हरिलाल त्या टोकाकडे बघत राहिला. इतके महिने जे त्याला रोज सकाळी उठवत होतं, ते हे एवढंसं. त्याला एकदम हलकं वाटलं. काटा आहे तर काढता येतो. काटा काढला की टाच परत आपली.

"मग पुढल्या गणपतीला नाचता येल?" त्याने विचारलं.

"तसं वचन कोण देईल?" सर्जन म्हणाला. "पण बऱ्याच जणांचं थांबतं."

बाहेर आल्यावर निर्मला म्हणाली, "बा, आनखी एकाला दाखवू. सरकारी हॉस्पिटलात एक डॉक्टरीण हाय, ती घाई करत नाय."

डॉक्टरीण वयाने निर्मलाएवढीच होती. तिने एक्स-रे बघितला न बघितला आणि बाजूला ठेवला. हरिलालला जरा राग आला. मग तिने त्याचा पाय मांडीवर घेतला. तेव्हा तो लाजला. टाचेच्या आतल्या बाजूला तिने अंगठा दाबला तसा तो खुर्चीतून उठलाच.

"इथेच ना?" ती म्हणाली. "मिस्ये हरिलाल, काटा खूप लोकांच्या टाचेत असतो. त्यांना माहीतही नसतं. दुखतोय तो काटा नाही. तुमच्या तळव्याखाली एक पट्टा आहे, टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेला, धनुष्याच्या दोरीसारखा. उभं राहून राहून तो टाचेपाशी सुजलाय. रात्री तो आखडतो, म्हणून सकाळचं पाऊल वाईट."

"मग काटा काडला तर?"

"काटा जाईल. दुखणं जाईलच असं नाही. कधीकधी टाच बधिर होते. ऑपरेशन शेवटी करायचं, सगळं करून बघितल्यावर." तिने भिंतीला हात टेकून पोटरी कशी ताणायची ते करून दाखवलं. बुटात मऊ गादी घालायला सांगितली. "उठायच्या आधी खाटेवरच पाय ताणा. आणि टाचेला आराम द्या. बहुतेकांचं असंच बरं होतं. पण वेळ लागतो. कधीकधी वर्षभर."

"आराम म्हनजे?"

"म्हणजे आपटायची नाही."

निर्मला खिडकीतून बाहेर बघू लागली.

"गणपती जवळ आलेत," हरिलाल म्हणाला.

"बसून बघा," डॉक्टरीण म्हणाली. किती सहज म्हणाली ती.

*

परतताना मोका गावाच्या चढावर ढग रस्त्यावर उतरले होते, आणि बस त्यांतून दिवा लावून हळूहळू जात होती, जणू पाण्याखालून चालली आहे.

"बा, काय करायचं?" निर्मलाने विचारलं. "शुक्रवारी फोन मला करायचा हाय."

"कापूया."

"डॉक्टरीण काय म्हनाली, ऐकलंस ना?"

"ऐकलं."

त्याने ऐकलं होतं, पटलंही होतं. तरी कापायचं का, ते त्याला मुलीला सांगता येत नव्हतं एवढंच. या गणपतीत त्याला बसावं तर लागणारच होतं, कापलं तरी आणि नाही कापलं तरी. पण पायाला पांढरी पट्टी असलेला माणूस बसला तर लोक म्हणतात, बिचाऱ्याचं ऑपरेशन झालं. पायाला काही नसलेला माणूस बसला तर म्हणतात, हरिलाल म्हातारा झाला. मधोमध म्हातारे बसतात. त्याचा बा तिथे बसला तो शेवटच्या वर्षी, आणि त्यानंतर उठून रिंगणात आला नाही.

कुंतीला त्याने सांगितलं तेव्हा ती जुन्या घोंगडीतून बुटासाठी गादी कापत होती. दुखतं तिथे टेकू नये म्हणून तिने गादीला मधोमध गोल भोक ठेवलं होतं.

"सोमवारी कापतात," तो म्हणाला.

"बरं," ती म्हणाली आणि कापत राहिली. "ही घालून जावा दवाखान्यात. तितं तरी चालत जाल ना?"

*

बुधवारी संध्याकाळी पोरांची तालीम होती. देवळाच्या अंगणात पायात काही घालून कोणी जात नाही, म्हणून त्याने बूट कुंपणापाशी काढले. घोंगडीची गादी आतच राहिली. अंगणाची जमीन शेणाने सारवलेली, थंड आणि कडक. त्याच्या टाचेने ती ओळखली आणि कळ वर गुडघ्यापर्यंत गेली.

प्रेमचंद मृदंग घेऊन बसला होता. त्याचा लहानपणापासूनचा दोस्त.

"हऱ्या, लंगडतोस काय रं? सासुरवाडीहून मार खाऊन आलास?"

"वाजव गुमान."

"आज बस हितं माज्याजवळ. पोरं नाचतील. तू नुसता गा."

हरिलाल बसणार नव्हता. पण रात्री नीट झोप नव्हती, दिवसभर सिमेंट होतं, आणि सोमवारपासून बसायचंच आहे असं म्हणून तो टेकला. प्रेमचंदने थाप दिली. हरिलालने ओळ उचलली. पोरांचं रिंगण फिरू लागलं.

आजवर त्याने हे रिंगण खालून कधी बघितलं नव्हतं. तो नेहमी पुढे असे आणि पाय मागे असत. आता पाय त्याच्या डोळ्यांसमोरून जात होते, ओळीने, धुळीत आणि अंधुक उजेडात. आवाज स्वप्नातल्यासारखा होता. म्हणजे नव्हताच. ओळ संपली की सगळे उजवा चवडा टेकवत, टाच जरा वर धरत, आणि डाव्या पायावर एक हलकी उडी घेऊन पुढे सरकत. सगळे सारखेच. फार सुबक दिसत होतं ते.

त्याने गाणं थांबवलं.

"टाच कुटं हाय?"

पोरं उभी राहिली.

"ही उडी कुनी शिकवली तुमाला?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. सगळ्यात शेवटी बसंती होती. मुली झाकरीत नसत, पण ती भावामागे यायची आणि तिला कोणी हाकललं नव्हतं. तीच बोलली.

"ऊ मेम, आजा! तुमीच. तुमी म्हनला, माज्या पायांकडं बगा." आणि तिने करून दाखवलं. उजवा चवडा, वर धरलेली टाच, हलकी उडी. शेवटी ओठसुद्धा थोडे आवळले, त्याच्यासारखे.

प्रेमचंद हसला, आणि मग हसायचा थांबला.

हरिलाल तिच्या त्या छोट्या, गोल, निरोगी टाचेकडे बघत राहिला. ती जमिनीपासून बोटभर वर होती. इतके महिने आपण दुखणं लपवत होतो असं त्याला वाटत होतं. ते लपलं नव्हतं. ते एका पायातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं सगळ्या रिंगणात गेलं होतं. आज्याची टाच बोटीतून आली, ऊसातून आली, बाच्या पायातून आली, आणि याच अंगणात, त्याच्याच पायापाशी येऊन जमिनीवरून उचलली गेली होती.

"आजा, चुकलं काय?" बसंतीने विचारलं.

"तुजं नाय चुकलं," तो म्हणाला. "बसा सगळी. खाली बसा."

पोरं बसली. त्याने चाळ पायातून सोडले. ते पायात बांधले होते हेही तो विसरला होता. मग ते त्याने उजव्या मनगटाला गुंडाळले.

"ही बगा. ही हाताची टाच." त्याने तळहाताचा मनगटाजवळचा जाड भाग दाखवला. "बोटं वर. आता वाजव प्रेमचंद."

ओळ संपली आणि त्याचा हात जमिनीवर पडला. धप्. चाळ झणकले. कुंपणावरची कबुतरं उडाली.

"आईकलं?"

"व्हय."

"कुटं आईकलं?"

पोरं विचारात पडली. एक जण म्हणाला कानात. बसंतीने आपल्या बुडाखालच्या जमिनीवर हात ठेवला. "हितं."

"तितंच. आता समदी हातानं करा. पायानं मंग."

अंधार पडेपर्यंत ती पोरं जमिनीवर हात आपटत राहिली. घरी गेल्यावर तळहात लाल झाले म्हणून त्यांच्या आया बोलल्या असतील. हरिलाल घोंगडीच्या गादीवर पाय ठेवत सावकाश घरी आला. दुखत होतंच. निर्मला ओट्यावर बसली होती.

"फोन कर," तो म्हणाला. "नको म्हनून सांग. डॉक्टरीण म्हनते तसं करून बगू. बसतो मी."

निर्मलाने कुंतीकडे बघितलं. कुंती चुलीकडे वळली.

"लोक काय म्हनतील, बा?"

"म्हातारा झाला म्हनतील."

"झालाच हायसा," कुंती आतून म्हणाली. "मीच काय ती तरनी राहिले हितं."

*

विसर्जनाच्या दिवशी नदीवर झिमझिम होती. धुक्यात पलीकडचा किनारा दिसत नव्हता, त्यामुळे नदी कुठे संपते ते कळत नव्हतं. गणपती पाण्यापाशी आणून ठेवला, आणि काठावरच्या मऊ मातीत पोरांनी शेवटचं रिंगण धरलं. हरिलाल मधोमध दगडावर बसला, प्रेमचंदशेजारी, मनगटाला चाळ बांधून. कोणी काय म्हटलं असेल तर ते त्याच्यापर्यंत आलं नाही. त्याने डोळे मिटले. बघायची गरज नव्हती. ओळ संपली की टाचा पडत, आणि दगडातून तो आवाज त्याच्या हाडांत येई. एक हलका पाय मात्र दर वेळी वाजतच नव्हता.

मग देव पाण्यात गेला. माणसं ओल्या डोक्यांनी, बोलत बोलत रस्त्याकडे निघाली. हरिलाल मागे राहिला. त्याला उठायला वेळ लागे.

मातीत रिंगण उमटलं होतं. चवड्यांच्या पुसट खुणा आणि उजव्या टाचांचे खोल खळगे, एकामागे एक. पावसाचं पाणी त्यांत साचू लागलं होतं. एका ठिकाणी मात्र इवल्या पायांच्या खुणा होत्या, नुसत्या बोटांच्या. तिथे टाच नव्हती. बसंतीने अजूनही ती उडी सोडली नव्हती.

"बसंती!" त्याने हाक मारली.

ती धावत परत आली. "काय, आजा?"

तो त्या खुणांकडे बघत होता. टाच टेकव, असं काहीतरी सांगायचं म्हणून त्याने हाक मारली होती. ती वाट बघत उभी राहिली, ओल्या मातीत, दोन्ही टाचा टेकवून.

"काय नाय," तो म्हणाला. "माजे बूट आन जरा."