तीस पटींचे भिंग

काशीराम ह्या गृहस्थाने आयुष्याची सव्वीस वर्षे गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, जॉबर म्हणून व्यतीत केली होती. साचा बिघडला की तो स्वतः लावून देई आणि विणकराला बजावी, "आता कशाला हात लावायचा नाही." संपानंतर गिरणीला टाळे लागले व तो गोरेगावच्या एका स्टुडिओत पहारेकरी झाला, परंतु स्वभाव जॉबरचाच राहिला.

एकोणीसशे पंच्याऐंशी सालच्या वैशाखात त्याची पत्नी जानकी अंथरुणास खिळली. हृदय दुबळे झाले आहे, जिना उतरावयाचा नाही, गावचा प्रवास तर मनातही आणावयाचा नाही, असे डॉक्टरांनी निक्षून सांगितले. दहिसरच्या त्यांच्या चाळीची मागील खिडकी नदीवर उघडत असे. पलीकडच्या मातीच्या काठात खंड्याच्या एका जोडप्याने बीळ कोरून संसार मांडला होता. त्यांची कर्कश साद ऐकताच जानकी उशीवरून मान उचली.

"आमच्या खाडीवरचो तोच हो. एकदा डोळ्यांनी बघूक गावलो तर बरा."

परंतु मोतीबिंदू काढल्यापासून तिला जाड काचांचा चष्मा होता, आणि त्यातूनही पलीकडचा काठ म्हणजे केवळ एक तांबूस पट्टा. पिल्ले उडून जावयास पंधरवडा उरला असेल. जानकीपाशीही फार दिवस नव्हते, हे काशीरामास कोणी न सांगता उमगले होते.

स्टुडिओच्या अडगळीत त्याला दीड वितीची एक दुर्बीण सापडली. डोळ्याकडचे भिंग तेवढे नव्हते. "घेऊन जा," मॅनेजर म्हणाला. ती घेऊन तो अंधेरीस शिवदास नावाच्या दुरुस्तीवाल्याकडे गेला. शिवदासांनी फडक्यावर डोळ्याकडची दोन भिंगे, दोन आयपीस, मांडले.

"हा पंधरा पटींचा. उजेड भरपूर, डोळा जरा लांब राहिला तरी चालतं. हा तीसचा. जवळ आणतो, पण डोळा काचेला चिकटवावा लागतो. बघणार कोण?"

"मीच की."

"चष्मा?"

"आपल्याला कसला चष्मा! अजून सुईत दोरा ओवतो मी."

"मोठा आलास सुईवाला! तरी पंधराचा घे, माझं ऐक."

काशीरामाने तीसचा लावून समोरच्या पत्र्यावरचे कबुतर न्याहाळले. त्याच्या डोळ्याभोवतीचे कडे देखील स्पष्ट दिसले. जानकीचा चष्मा त्याच्या ध्यानात नव्हता असे नव्हे. परंतु ज्याची नजर अधू त्याला भिंग अधिक ताकदीचे हवे, असा त्याचा सरळ हिशेब होता. त्याने तीसचाच घेतला.

घरी त्याने फळ्यांची घडवंची ठोकली, बिळावर नेम धरला, आपल्या डोळ्यास चित्र स्वच्छ होईतो दुर्बिणीवरची कडी फिरवली, स्क्रू आवळले आणि जानकीस उशा देऊन बसविले.

"आता बघ. पण कशाक हात लावू नको हां. सगळा मी लावून ठेवलंय."

ती वाकली. चष्म्याची काच दुर्बिणीच्या धातूवर टक् करून आपटली. ती तशीच वाकून राहिली.

"गावलो?"

"गावलो हो! केवढो निळो! चोचीत खेकडो धरल्यान हा."

"ह्या नदीत खेकडो खंयचो गो? बेडूक आसतलो."

"खेकडोच! माका काय खेकडो वळखूक येणा नाय?"

काशीराम मनमुराद हसला. पुढे नऊ दिवस हा सोहळा चालला. दहाव्या दिवशी बीळ ओस पडले, आणि ज्येष्ठातल्या एका दुपारी जानकीही गेली.

तेराव्याला शेजारची रत्नप्रभा जेवणाचे ताट घेऊन आली.

"काका, बघू का यातून? काकी रोज सांगायच्या."

तिलाही चष्मा होता. ती वाकली आणि टक् असा आवाज झाला.

"काळोख आहे हो नुसता. मध्ये तीळभर उजेड."

"चष्मा काढून बघ."

"आता धूसर दिसतंय. ही कडी फिरवू?"

काशीरामाच्या तोंडी "हात लावू नको" हेच आले होते. ते गिळून तो म्हणाला, "फिरव."

"अगं बाई! बीळ दिसलं की!"

ती गेल्यावर काशीरामाने फळीवरचा जानकीचा चष्मा आपल्या डोळ्यांवर चढविला आणि दुर्बिणीवर वाकला. टक्. काळोख होता. तो खेकडा कोणत्या खाडीतला होता, हे त्यास तेव्हा कळले. नऊ दिवस तिने त्याच्याकरिता काळोखात पाखरू पाहिले होते. ताटातला भात तसाच निवून गेला.

दुसऱ्या दिवशी दुर्बीण घेऊन तो अंधेरीस गेला.

"काय, तीसने दमलास ना?" शिवदास म्हणाले.

"तो पंधराचा लावून द्या."

काशीरामाने खिशातून चष्मा काढून घातला. बायकी चौकट, एका काडीला दोरा गुंडाळलेला. शिवदासांची नजर त्या दोऱ्यावर गेली. त्यांनी पंधराचा आयपीस बसविला व दुर्बीण पत्र्याकडे वळविली.

"कडी तूच फिरव," ते हलकेच म्हणाले.

काशीरामाने फिरवली. अख्खा पत्रा आणि त्यावरची चार कबुतरे क्षणभर उजेडात उभी राहिली. मग डोळे भरून आले आणि त्या जाड काचांमागे सारे वाहून गेले.

"दिसलं का रे?"

"गावला हो," काशीराम म्हणाला, आणि तसाच वाकून राहिला.