घटपर्णीचं बारसं

डोळे मिटा पाहू, आणि एक वेल डोळ्यांपुढे आणा. तिच्या पानांच्या टोकांना इवले लोटे लोंबताहेत, लोट्यांना झाकणंसुद्धा आहेत. गोड रसाच्या आशेनं माशी काठावर बसली, की पाय घसरून थेट आत! ही घटपर्णी. शेवगावजवळच्या एका मळ्यात, ओसरीवरच्या कुंडीत ती राहायची आणि ती होती संस्कृतीची.

हर्षलमामानं नगरच्या नर्सरीतून आणलेली ही संकरित घटपर्णी अजून बिननावाची होती. कारण घटपर्णीत नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं, आणि ते कळतं फूल आल्यावरच. संस्कृतीला तर तिचं थाटात बारसं करायचं होतं.

"ठिव की कायबी नाव," तिचे आजोबा, अण्णा, म्हणायचे. "माशीमार म्हन."

"आणि मुलगी निघाली तर?"

"मग माशीमारीन!"

फुलासाठी संस्कृती मामाचं सगळं ऐकायची. बोअरचं खारं पाणी नाही, साठवलेलं पावसाचंच. उजेड भरपूर, दुपारी मात्र गोणपाटाचा आडोसा. तरी वेल जरा वर आली की थांबायची. बाजूनं फुटवे यायचे, फूल काही येईना.

"मामा, ही रुसलीय माझ्यावर," तिनं व्हिडिओ कॉलवर तक्रार केली.

"शेंडा दाखव बरं."

तिनं मोबाईल वेलीजवळ नेला. मामा हसायलाच लागला. "अगं, शेंडा आहे कुठं? कुणीतरी खुडलाय! वेल चांगली उंच चढली, की शेंड्याकडेच तुरा येतो हिला."

संस्कृतीनं मान वळवली. खाटेवर बसलेले अण्णा एकदम आभाळाकडं बघू लागले.

"अण्णा!"

"मला काय ठावं, बाय? हरभऱ्याचा शेंडा खुडला की फुटवे लई, फुलं लई. म्हनलं, हिलाबी तसंच आसंल. हिच्या बारशासाठीच खुडत हुतो."

रागवावं की हसावं, तिला कळेना. "आता नाही ना खुडणार? घ्या शपथ."

"मी घीन गं, पर ही बोटं कुठं आईकत्यात? चहा पीत बसलो, की आपसूक जात्यात."

आताही ती बोटं चुळबुळत होतीच. संस्कृतीनं कुंडी ओढत ओसरीच्या पार दुसऱ्या टोकाला नेली आणि एका जोमदार फुटव्याला उंच काठीचा आधार दिला. मग तेलाचा रिकामा डबा मातीनं भरून तिनं अण्णांच्या खाटेशी ठेवला आणि त्यात मूठभर हरभरे पेरले.